देशाचा उत्तरेकडचा धुरा: वाचकांचे प्रश्न

देशाच्या या धुऱ्याबद्दल, म्हणजे उत्तर सीमेबद्दल, जे विचारायचं असेल ते विचारा, असं मागच्या महिन्यात या सदरात म्हटलं होतं. आलेल्या प्रश्नांमध्ये निम्मे बर्फाचे आहेत, उरलेले रेषांचे. जवळजवळ सगळ्यांच्या मनात चित्र मात्र एकच: नकाशाच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरी भिंत, अलीकडे आपण, पलीकडे चीन. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशाने हे चित्र दिलं आणि टीव्हीने ते घट्ट केलं. प्रश्न विचारणाऱ्यांची नावं छापत नाही, तालुका तेवढा देतो.

भाऊ सैन्यात आहे. बदली तवांगला झाली. गावात सगळे म्हणतात, पार वरच्या टोकाला गेला, दिल्लीच्याही कितीतरी वर, म्हणून तिथे एवढी थंडी. खरं का? (घाटंजी, जि. यवतमाळ)

ताई, तुमचा भाऊ दिल्लीच्या वर नाही, खाली आहे. तवांगचा अक्षांश साधारण २७ अंश ३५ मिनिटं. दिल्ली साडेअठ्ठावीसच्याही थोडी वर. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरले तर तवांग दिल्लीपेक्षा शंभरेक किलोमीटर दक्षिणेला येतं, जवळजवळ मथुरेच्या ओळीत. गंगटोक आग्र्याच्या जरासं वर आहे, दार्जिलिंग तर आग्र्याच्याही किंचित खाली. हे कुणालाच पटत नाही. ॲटलास उघडून पाहा म्हटलं की लोक पट्टी आडवी ठेवतात आणि मला खोटं पाडतात.

घोळ पट्टीचा आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या काही पद्धती आहेत; आपले देशाचे नकाशे बहुधा त्यातल्या शंकू प्रक्षेपणावर काढलेले असतात. त्यात अक्षांशाच्या रेघा सरळ नसतात, दोन्ही बाजूंना वर वळलेल्या असतात. त्यामुळे पूर्वेकडचा अरुणाचल कागदावर उचलल्यासारखा दिसतो. पट्टी बाजूला ठेवा, दिल्लीजवळच्या वाकड्या रेघेवर बोट ठेवा आणि रेघ जाईल तसं उजवीकडे न्या. बोट तवांगच्या वरून निघून जाईल.

हाच प्रकार श्रीनगर आणि लेहचा. लेह म्हणजे श्रीनगरच्या बरंच वर, असं सगळे धरून चालतात. दोन्ही ३४ अंशांच्या थोडं वर, जवळजवळ एकाच ओळीत आहेत. लेह श्रीनगरच्या उत्तरेला नाही, पूर्वेला आहे.

मग थंडी कशाने? उंचीने. दर हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलं की मे महिन्यातही जीव थंड होतो. तिथे आपण उत्तरेला जेमतेम सरकलेलो असतो, वर मात्र सातशे मीटरहून जास्त चढलेलो असतो. तवांग तीन हजार मीटरच्या आसपास आहे. वीसेक अंशांचा फरक तिथेच पडला.

आणखी एक. डिसेंबरात भावाने साडेचारला फोन करून ‘इथे अंधार पडला’ म्हटलं तर काळजी करू नका. घड्याळ देशभर एकच आहे, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाचं. तवांग त्याच्या बरंच पूर्वेला, घाटंजी पश्चिमेला. त्याचा सूर्य तुमच्यापेक्षा पाऊण तासाहून जास्त पुढे चालतो.

सहावीच्या पेपरात ‘भारताची उत्तर सीमा कशाने बनली आहे?’ असा प्रश्न दिला होता. सगळ्यांनी ‘हिमालयाने’ लिहिलं. एकाच मुलाने ‘काही ठिकाणी शेतं आहेत’ असं लिहिलं. त्याचे वडील बिहारच्या रक्सौलकडचे, इथे राइस मिलमध्ये कामाला आहेत. गुण द्यावेत का? (शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, अर्जुनी मोरगाव)

बाई, पूर्ण गुण द्या, आणि त्याला फळ्याजवळ बोलावून वर्गाला सांगायला लावा. बाकीच्यांनी पुस्तकातलं लिहिलं, त्याने पाहिलेलं लिहिलं.

नेपाळशी आपली सीमा १,७५१ किलोमीटरची आहे. उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम ही पाच राज्यं तिला लागतात. त्यातला उत्तर प्रदेश आणि बिहारचा लांबलचक पट्टा सपाट आहे. पिलीभीत, बहराइच, महाराजगंज, चंपारण, मधुबनी, अररिया या जिल्ह्यांत देश जिथे संपतो तिथे धान, ऊस आणि आंब्याच्या बागा आहेत. मधे अंतराअंतरावर सीमेचे खांब, आणि दोन्ही देशांनी मोकळी सोडलेली एक चिंचोळी पट्टी. तिकडची माणसं तिला दसगजा म्हणतात. गुरं तिच्यात चरतात, पोरं क्रिकेट खेळतात. उंची पाहिली तर आणखी गंमत. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. रक्सौल त्याच्या निम्म्याहूनही खाली. म्हणजे ‘उत्तरेचा उंच सीमाप्रदेश’ इथे आपल्या विदर्भापेक्षा सखल आहे. बर्फाचा हिमालय इथून पुढे शंभराहून जास्त किलोमीटरवर, नेपाळच्या पोटात. तो नेपाळची उत्तर सीमा आहे, बिहारची नाही.

ही सीमा सपाटीवर का आली, याचं उत्तर इतिहासात आहे. १८१४ ते १८१६ या काळात ईस्ट इंडिया कंपनी आणि गोरखा राज्य यांचं युद्ध झालं. सुगौलीच्या तहाने पश्चिमेला काली आणि पूर्वेला मेची या नद्यांच्या मधला मुलूख नेपाळकडे राहिला. सुगौली हे गाव पूर्व चंपारणातच आहे, रक्सौलपासून लांब नाही. त्या मुलाच्या वडिलांना माहीत असणार.

आता भिंतीचं दुसरं टोक बघू, कारण तिथे चूक उलट दिशेने होते. बिहारपाशी आपला देश बर्फाच्या हिमालयापर्यंत पोचतच नाही, आणि लडाखमध्ये तो हिमालय ओलांडून कितीतरी पुढे जातो. श्रीनगरहून निघून सोनमर्गच्या पुढे साडेतीन हजार मीटरवरची झोजिला खिंड ओलांडली की बृहद् हिमालय मागे पडतो. देश मात्र संपत नाही. पुढे द्रास आणि कारगिल, मग झांस्करच्या रांगा, मग सिंधूचं खोरं आणि लेह, त्यानंतर लडाखची रांग, श्योक आणि नुब्राची खोरी, आणि शेवटी काराकोरम. काराकोरम म्हणजे हिमालय नव्हे. ती वेगळी पर्वतरांग आहे आणि सियाचीन हिमनदी तिच्यात आहे, हिमालयात नाही. वर्तमानपत्रं रोज ‘हिमालयातील सियाचीन’ छापतात, त्याला इलाज नाही. हिमालयाच्या पाठीमागे पावसाचे ढग पोचत नसल्याने लेहला वर्षभरात शंभरेक मिलिमीटर पाऊस पडतो. तुमच्या तालुक्यात तेवढा जुलैतल्या एका रात्रीतही पडून जातो.

नद्याही भिंत मानत नाहीत. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या तिन्ही हिमालयाच्या पलीकडे तिबेटात उगम पावतात आणि डोंगर कापून अलीकडे येतात. डोंगर वर उचलला जाण्याआधीपासून त्या वाहत होत्या, डोंगर जसा वाढला तशा कापत राहिल्या, असं भूशास्त्र सांगतं. पश्चिमेला नंगा पर्वत आणि पूर्वेला नामचा बारवा ही हिमालयाची दोन टोकं मानली जातात, मधे सुमारे २,४०० किलोमीटर. पहिल्याला सिंधू वळसा घालते, दुसऱ्याला ब्रह्मपुत्रा. आणि या दोन्ही टोकांवर आज आपला ताबा नाही, एक पाकिस्तानच्या ताब्यात, दुसरं तिबेटात.

पुढच्या पेपरात ‘उत्तर सीमेलगत कोणकोणती भूरूपं आढळतात?’ असं विचारून पाहा. मैदान, दरी, खिंड, हिमनदी, थंड वाळवंट, सगळं येईल.

दीक्षाभूमीहून निघून बोधगया, कुशीनगर करून लुंबिनीला जायचं आहे. लुंबिनी पहाडात आहे का? म्हाताऱ्या माणसांना चढायला जमेल का? आणि पासपोर्ट लागतो का? (उमरेड)

चढ अजिबात नाही. लुंबिनी नेपाळात आहे, पण तराईच्या सपाटीवर. उत्तर प्रदेशातल्या सोनौलीचं नाकं ओलांडलं की भैरहवा, तिथून गाडीने लुंबिनी तासाभराच्या आत. थंडी डिसेंबर-जानेवारीत धुक्याची, बर्फाची नाही. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. १९५० च्या मैत्री करारापासून ही सीमा दोन्हीकडच्या लोकांना खुली आहे. पासपोर्ट नसेल तर निवडणूक ओळखपत्र चालतं, प्रत्येकाने मूळ कार्ड जवळ ठेवावं. स्वतःची गाडी नेत असाल तर नाक्यावर भन्सार, म्हणजे नेपाळचं सीमाशुल्क, भरून कागद घ्यावा लागतो. नाक्यावर दिसणारे आपले जवान बीएसएफचे नसतात, सशस्त्र सीमा बलाचे असतात. नेपाळ आणि भूतानची सीमा त्यांच्याकडे, चीनची इंडो-तिबेटियन बॉर्डर पोलिसांकडे.

पोराच्या पुस्तकात नकाशा पाह्यला. भारताले अफगाणिस्तान टेकून दिसते. तो देश तं पाकिस्तानच्या पल्याड हाये ना बाप्पा? मंग पुस्तक चुकलं का टीव्ही? (अकोट)

भाऊ, दोन्ही बरोबर. नकाशा हक्क दाखवतो, टीव्ही ताबा दाखवतो.

२६ ऑक्टोबर १९४७ रोजी जम्मू-काश्मीरचे महाराजा हरिसिंह यांनी भारतात येण्याच्या सामीलनाम्यावर सही केली. त्यांचं संस्थान गिलगिट-बाल्टिस्तानसकट होतं. त्यामुळे भारताचा अधिकृत नकाशा तो सगळा मुलूख आपला दाखवतो, आणि त्याची वरची कड अफगाणिस्तानच्या वाखान पट्टीला भिडते. गृहमंत्रालयाच्या हिशेबात ही सीमा १०६ किलोमीटर आहे, आपल्या सातही शेजाऱ्यांत सगळ्यांत आखूड. पण गिलगिट-बाल्टिस्तान १९४७ पासून पाकिस्तानच्या ताब्यात असल्याने आपला जवान त्या रेषेवर उभा नाही.

ती वाखान पट्टीही मुद्दाम ठेवलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इकडून इंग्रज आणि तिकडून रशिया एकमेकांकडे सरकत होते. दोन साम्राज्यं एकमेकांना टेकू नयेत म्हणून मधे अफगाणिस्तानची एक लांब, अरुंद जीभ ठेवली गेली. काही ठिकाणी ती वीस किलोमीटरही रुंद नाही.

पोराला एक सांगा. जुन्या गाइडमध्ये ‘अफगाणिस्तानला लागून असलेलं राज्य: जम्मू-काश्मीर’ असं असेल तर ते खोडा. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला आणि अधिकृत नकाशात गिलगिटचा भाग लडाखमध्ये गेला. त्यामुळे अफगाणिस्तानला लडाख लागतो. चीनलाही आता लडाख, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम आणि अरुणाचल लागतात, जम्मू-काश्मीर नाही.

देशाचं उत्तर टोक ३७ अंश ६ मिनिटांवर, हे पाठ केलेलं उत्तरही याच नकाशातलं आहे. आज आपल्या सैन्याच्या ताब्यातलं सगळ्यांत उत्तरेचं ठिकाण म्हणजे सियाचीनच्या माथ्यावरची इंदिरा कॉल ही खिंड, साधारण ३५ अंश ४० मिनिटांवर. आता तुमच्या गावातलं कोणी म्हणेलच, इंदिरा गांधींचं नाव दिलं वाटते. नाही. १९१२ साली तिथे पोचलेल्या वर्कमन मोहिमेने लक्ष्मीचं एक नाव म्हणून ‘इंदिरा’ ठेवलं, तेव्हा इंदिरा गांधी जन्मल्याही नव्हत्या. खाली निकोबारात देशाचं दक्षिण टोक असलेल्या इंदिरा पॉइंटला मात्र त्यांचंच नाव आहे.

स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. मॅकमोहन रेषा, एलएसी, एलओसी, रॅडक्लिफ रेषा यांत दर वेळी गोंधळ होतो. भारत-चीन सीमा म्हणजे मॅकमोहन रेषा, हे बरोबर ना? (अभ्यासिकेतला विद्यार्थी, पुसद)

अर्धवट बरोबर, म्हणजे परीक्षेत चूक. रेषा पाठ करण्याआधी पश्चिमेकडून पूर्वेकडे नकाशावर चालत जा, त्या आपोआप वेगळ्या होतील.

रॅडक्लिफ रेषा १९४७ ची, फाळणीची. तिने पंजाब आणि बंगाल विभागले. काश्मीरशी तिचा संबंध नाही, कारण तिथे फाळणी आयोगाला काही विभागायचंच नव्हतं. काश्मीरमध्ये पहिलं युद्ध थांबलं तेव्हा, १९४९ साली, कराचीत युद्धबंदी रेषा ठरली. १९७१ च्या युद्धानंतर, १९७२ च्या सिमला करारातून तिची थोडी बदललेली आवृत्ती आली, ती नियंत्रण रेषा, म्हणजे एलओसी. सुमारे ७४० किलोमीटरची, जम्मूजवळून निघून वर जाणारी. ती एनजे ९८४२ नावाच्या एका बिंदूवर थांबते. पुढे काय? १९४९ च्या करारात ‘तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे’ एवढंच लिहिलं होतं. तिथे कोण जाणार, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. त्याच अर्ध्या वाक्यातून सियाचीनचा प्रश्न उभा राहिला आणि १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचीन ताब्यात घेण्यासाठी आपल्या सैन्याचं ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झालं. बिंदूच्या पुढे आज दोन्ही सैन्यं जिथे उभी आहेत त्या रेषेला वेगळं नाव आहे, प्रत्यक्ष भूस्थिती रेषा, एजीपीएल. तिला एलओसी लिहिलंत तर गुण जातात.

त्याच्या पूर्वेला चीन सुरू होतो. प्रत्यक्ष ताबा रेषा, एलएसी, ही लडाखपासून अरुणाचलपर्यंत सगळीकडे लागू आहे. ‘प्रत्यक्ष ताबा रेषा’ हा शब्दप्रयोग चीनकडून १९५९ साली आला, भारताने ती करारात मान्य केली १९९३ साली. भारत तिची लांबी ३,४८८ किलोमीटर धरतो, चीन दोन हजारांच्या आसपास. दोघांना एकच रेषा दिसत असती तर लांबीत एवढा फरक पडला नसता. मॅकमोहन रेषा या सगळ्याचा फक्त पूर्वेकडचा तुकडा आहे, भूतानच्या पुढे, अरुणाचलच्या माथ्यावरचा. १९१४ साली सिमल्यात ब्रिटिश भारत आणि तिबेट यांच्यात ती ठरली, सर हेन्री मॅकमोहन यांच्या नावाने ओळखली गेली. चीनच्या प्रतिनिधीने मसुद्यावर आद्याक्षरं केली, पण त्याच्या सरकारने ते मानलं नाही, आजही मानत नाही. सिक्कीमच्या तुकड्याला आणखी वेगळा आधार आहे, १८९० चा ब्रिटिश-चीन करार. मधल्या हिमाचल-उत्तराखंडच्या भागात रूढीने चालत आलेली, पाणी दोन बाजूंना वाटणाऱ्या डोंगरधारेची रेषा. थोडक्यात, एका देशाशी सीमा एक, पण तुकडे निरनिराळ्या वयांचे.

‘मग तिथे तार का ओढत नाहीत?’ हाही प्रश्न कारंज्याहून कुणी विचारला आहे, इथेच उत्तर देतो. धुऱ्याचा वाद आपल्याला नवीन नाही. भूमापनवाला येऊन मोजणी करतो, दोन्ही शेतकरी हजर राहतात, दगड गाडले जातात, मग ज्याला तार ओढायची तो ओढतो. एलएसीवर मोजणीच झालेली नाही. २००० साली दोन्ही देशांनी फक्त मधल्या भागाचे नकाशे एकमेकांना दिले. लडाखचे आणि अरुणाचलचे दिलेच नाहीत. आपली रेषा कुठे हे कागदावर दाखवलं की पुढच्याच्या हातात ती लागते, म्हणून दोघांनीही हात आखडला. जिथे दोन्ही सैन्यांच्या गस्तीच्या वाटा एकमेकींवर येतात तिथे मग समोरासमोर गाठ पडते. २०२० च्या जूनमध्ये गलवानला आपले २० जवान शहीद झाले ते अशाच भागात.

अक्साई चीनचा आकडा विचारतात, तो ३८,००० चौरस किलोमीटर. १९६३ साली पाकिस्तानने चीनला परस्पर देऊन टाकलेलं शक्सगाम खोरं ५,१८० चौरस किलोमीटर. ही दोन वेगवेगळी प्रकरणं आहेत, एकत्र लिहू नका.

एव्हरेस्ट भारतात नाही म्हणतात. मग इंग्रजांनी ते मोजलं भारतातून कसं? (हिंगणघाट)

एव्हरेस्ट नेपाळ आणि तिबेटच्या सीमेवर आहे. तिथून भारताची हद्द सगळ्यांत जवळच्या जागीही काही डोंगर सोडून आहे. उंची ८,८४८.८६ मीटर, ही २०२० साली नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केली.

पण प्रश्न हिंगणघाटहून आला याचा मला फार आनंद झाला. १८०२ साली मद्रासजवळून विल्यम लॅम्बटन यांनी भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र), साखळ्या आणि माणसांचा तांडा घेऊन ते दक्षिणेतून वर सरकत राहिले. हैदराबादेकडून नागपूरला जाताना, २० जानेवारी १८२३ रोजी, ते हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तुमच्याच गावात आहे. त्यांच्या जागी आले जॉर्ज एव्हरेस्ट. त्यांनी ही मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली आणि १८४३ साली ते निवृत्त झाले. जे शिखर त्यांच्या नावाने ओळखलं जातं त्याची मोजणी त्यांच्यानंतरची.

नेपाळ तेव्हा परक्यांना आत येऊ देत नव्हता. मग तराईच्या सपाटीवरून, दीडशेहून जास्त किलोमीटर लांबून, शिखरांचे कोन घेतले गेले. वर सांगितलेला धानाचा मुलूख तोच. एका बाजूची लांबी आणि दोन कोन माहीत असले की त्रिकोण सुटतो, हे शाळेतलं गणित. अवघड भाग पुढचा होता. हवेत प्रकाश वाकतो, त्याची दुरुस्ती करायची होती. मोजणी खात्यातले बंगाली गणिती राधानाथ सिकदार यांनी ही आकडेमोड केली आणि १८५२ च्या सुमारास ‘शिखर क्रमांक १५’ जगात सर्वांत उंच असल्याचं निघालं. तोवर तो मान कांचनजंगाला होता. १८५६ साली २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. आजच्या आकड्याशी ताडून पाहिली तर तीसेक फुटांचाच फरक.

भारतातलं सर्वांत उंच शिखर कोणतं, याची उत्तरं तीन आणि तिन्ही कुठे ना कुठे छापलेली सापडतील. हक्काच्या नकाशाप्रमाणे के-२, ८,६११ मीटर, प्रत्यक्षात पाकिस्तानच्या ताब्यातलं. आपल्या ताब्यातलं पण नेपाळशी वाटलेलं कांचनजंगा, ८,५८६ मीटर. पूर्णपणे भारतातलं नंदादेवी, ७,८१६ मीटर. प्रश्नात काय विचारलंय ते वाचून लिहा.

कीर्तनात मी सांगतो की गंगा मानसरोवरातून निघते. एका तरुणाने उठून विरोध केला. शास्त्र काय म्हणतं? (कीर्तनकार, दर्यापूर)

महाराज, तरुणाचं म्हणणं बरोबर आहे, पण तुमचंही सगळं वाया जात नाही.

गंगेची भागीरथी गंगोत्री हिमनदीच्या गोमुखातून निघते. देवप्रयागला तिला अलकनंदा मिळते आणि तिथून गंगा हे नाव लागतं. दोन्ही उगम उत्तराखंडात. मानसरोवर त्या रांगांच्या पलीकडे, तिबेटात. त्याच्या आसपासच्या मुलुखातून चार मोठ्या नद्या चार दिशांना निघतात: सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्णाली. यातली कर्णाली नेपाळ ओलांडून उत्तर प्रदेशात उतरते तेव्हा घाघरा होते, अयोध्येला तिलाच शरयू म्हणतात, आणि पुढे बिहारात छपऱ्याजवळ ती गंगेला मिळते. म्हणजे मानसरोवराच्या मुलुखातलं पाणी गंगेत येतं, पण गंगोत्रीच्या वाटेने नाही, अयोध्येच्या वाटेने. कीर्तनाला हे जास्त शोभेल असं मला वाटतं.

यात्रेचंही विचारलं आहे. कैलास चीनच्या ताब्यातल्या तिबेटात असल्याने पासपोर्ट आणि चीनचा व्हिसा लागतो. उत्तराखंडच्या लिपुलेख खिंडीतून ही यात्रा १९८१ पासून, सिक्कीमच्या नाथू लातून २०१५ पासून. २०२० ला बंद पडली होती, २०२५ ला पुन्हा सुरू झाली. नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाकडे होते.

हिमालय आपल्या देशातला सगळ्यात जुना पर्वत आहे का? (नववीतली विद्यार्थिनी, वरोरा)

उलट, तो सगळ्यांत तरुण. अरवली आणि आपला सातपुडा त्याच्यापुढे आजोबा. पश्चिम विदर्भातली काळी माती ज्या बेसॉल्टची झाली तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. भारताची भूमी आशियाला जाऊन धडकली ती साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी. तुझ्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला ज्यांचे जीवाश्म सापडले त्या डायनासोरांनी हिमालय पाहिलेला नाही. हिमालयाच्या जागी तेव्हा समुद्र होता, म्हणून स्पितीसारख्या कोरड्या, उंच दरीत आजही समुद्री प्राण्यांचे जीवाश्म दगडांत मिळतात.

संत्र्याचा बगीचा आहे. दर हिवाळ्यात टीव्हीवर सांगतात, हिमालयात बर्फ पडला, विदर्भात थंडी आली. तिबेटची हवा डोंगर ओलांडून इथवर येते का? आणि मग हिमालय थंडी अडवतो हे खोटं का? (वरुड)

अडवतो हे खरं आहे, आणि म्हणूनच तिबेटची हवा तुमच्या बगीच्यात येत नाही. मध्य आशियातली जड, गोठलेली हवा हिमालय आणि त्याच्या मागचं तिबेटचं पठार ओलांडू शकत नाही. अशी आडवी रांग उत्तर अमेरिकेत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत ध्रुवाकडची हवा टेक्सासपर्यंत उतरली आणि तिथे नळ गोठले. टेक्साससुद्धा दिल्लीच्याच अक्षांशांच्या आसपास आहे.

आपल्याकडची थंडी दाराने नाही, कोपऱ्यातून येते. भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात कमी दाबाच्या लाटा इराण, अफगाणिस्तानवरून पूर्वेकडे सरकतात. हे पश्चिमी विक्षोभ. ते काश्मीर-हिमाचलात बर्फ आणि पंजाबात पाऊस पाडतात. ते पुढे गेले की मागून वायव्येची कोरडी, थंड हवा राजस्थान, मध्य प्रदेशवरून खाली उतरते. आकाश निरभ्र, वारा शांत, रात्री जमिनीतली उष्णता निघून जाते आणि पारा कोसळतो. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरला साडेतीन अंशांपर्यंत उतरला होता. बर्फ आणि आपली थंडी ही एकाच लाटेची दोन कामं आहेत, पण बर्फावरून वारा उतरून इथे येत नाही.

तुमच्यासाठी थंडीपेक्षा महत्त्वाची गोष्ट फेब्रुवारी-मार्चची. तेव्हा असा विक्षोभ थोडा दक्षिणेकडे वाकला आणि बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारा आला, की दोघांची गाठ मध्य भारतावर पडते. वर गार, खाली दमट, मधे उंच ढग, आणि गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात विदर्भ-मराठवाड्याने जे भोगलं ते यातूनच. त्या दिवसांत तुमचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेला, तोडणीला असतो आणि पुढचा आंबिया बहार फुलावर. हवामान खात्याच्या पत्रकात फक्त ‘विदर्भ’ शब्द शोधू नका. जम्मू-काश्मीरवर नवा पश्चिमी विक्षोभ येतोय आणि बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आहेत, अशी दोन्ही वाक्यं एकाच पत्रकात दिसली, की मृगाची तोडणीजोगी फळं आधी उतरवून घ्या आणि त्या दोन दिवसांत फवारणी टाळा.